महाशीरचं बाळंतपण

माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठच्या एका मच्छीमार सोसायटीचं दप्तर मी बरीच वर्षं सांभाळलं. घर भोयाचं, त्यामुळे पाणी जन्मापासून ओळखीचं. पुढे प्राणिशास्त्र घेऊन पदवी केली, म्हणून त्याच पाण्याबद्दल थोडं पुस्तकातलंही कळायला लागलं. एका घरात जाळं आणि पुस्तक दोन्ही नांदायला लागली की माणूस दोघांवरही शंका घेतो. त्या शंकांतून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे. विषय महाशीर माशाचा. तो आपल्या नदीत आपला आपण वाढेल का, आणि त्याची पिल्लं जगतील का?

बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, ऊसतोड आठवते. मासा कुणालाच आठवत नाही. पण गेवराईपासून परळीपर्यंत जिल्ह्याची उत्तरेची हद्द गोदावरीनंच आखलेली आहे. पाटोद्याच्या डोंगरात उगवलेली सिंदफणा मंजरथला तिला मिळते. माशाची गोष्ट इथे सांगायला हरकत नसावी.

१. बीज सोडणं वेगळं, मासा वसवणं वेगळं.

पावसाळा लागला की सोसायटीत धांदल उडते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून टेम्पोनं येते. पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं. पावती, फोटो, सह्या. वर्षभरानं हेच मासे काढायचे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नवी बोटुकली आणायची. हा धंदा वाईट नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण ही शेती झाली. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून तळ्यात अंडी घेतली आणि या शेतीला खरी सुरुवात झाली. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो तो त्यामुळेच. त्या दिवशीची भाषणं मी पुष्कळ ऐकली. त्यांत नदीचं नाव फारसं येत नाही, कारण बीजासाठी आता नदी लागत नाही असा सगळ्यांचा समज आहे.

महाशीर आमच्या दप्तराच्या कुठल्याच रकान्यात नाही. त्याचं बीज आम्ही सोडत नाही, त्याची विक्री लिहीत नाही. तो नदीतून नाहीसा झाला तरी आमचा ताळेबंद पैशापैशानं जुळतो.

२. या माशाची अंडीच थोडी.

रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी टाकते. महाशीरची टाकते काही हजार. रोहू फेकून पेरणारी, महाशीर सरकी टोकणारी. टोकण करणाऱ्याला जमीन नीट लागते, एकेक दाणा मोलाचा असतो, आणि एक रात्र रानडुकरं शिरली तर हंगाम गेला.

अंडी सोनेरी पिवळी, तीनेक मिलिमीटरची. ती तरंगत नाहीत, तळाशी बसतात. म्हणून तळ जाड वाळूचा, गोट्यांचा हवा, आणि वरून स्वच्छ पाणी वाहतं हवं. तीन दिवसांच्या आसपास पिल्लू बाहेर येतं, पण ते अजून पोहण्याजोगं नसतं. पोटाला अन्नाची पिवळी पिशवी लटकलेली असते, आणि ती संपेपर्यंत पिल्लू उजेड टाळून गोट्यांच्या सांदीत डोकं खुपसून पडून राहतं. रोहूचं पिल्लू यापेक्षा पुष्कळ लवकर हिंडायला लागतं. महाशीरच्या पिल्लाचे हे तळाशी पडून राहण्याचे दिवस म्हणजे सगळा जीव टांगणीला. त्यात गाळ बसला, पाणी हटलं किंवा कुणी तळच उपसला की त्या सालची वीण संपली. मादी अंड्यांवर यायलाही काही वर्षं जातात. एक साल वाया गेलं तर पुढच्या साली भरून निघेल, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

३. माणसाला जे ताटात करावं लागतं, ते नदी फुकट करते.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं महाशीर बीजकेंद्र आहे, १९७० च्या दशकापासून चालू आहे. सोसायटीच्या पोरांना घेऊन मी तिथे गेलो होतो. पन्हळीसारख्या लांबट टाक्या, त्यांत जाळीची ताटं, ताटात एक थर अंड्यांचा, आणि वरून सतत पाण्याची धार. जिवंत अंडं पारदर्शक सोनेरी दिसतं, मेलेलं पांढरं फटक पडतं. ते पांढरं अंडं वेळेवर उचललं नाही तर त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्या अंड्यांना लागते. म्हणून एक माणूस ताटावर वाकून एकेक पांढरं अंडं वेचत होता, डाळीतले खडे वेचावेत तितक्या सवयीनं. आमच्यातला एक पोरगा मला हळूच म्हणाला, "सर, नदीत हे कोण वेचतं?" नदीत ती अंडी एका थरात नसतातच. गोट्यागोट्यांत विखुरलेली असतात, एक नासलं तरी दुसऱ्याला लागत नाही, आणि वाहतं पाणी तळ धूत राहतं.

या माशाच्या अंड्यांचा पहिला नीट अभ्यास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केला. ते राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक होते. पुढे कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी एक भन्नाट गोष्ट करून दाखवली. महाशीरची अंडी पाण्यात बुडवून न्यावी लागत नाहीत, नुसती ओलसर राहिली तरी जगतात. तेव्हा त्यांनी ती ओल्या कापसात बांधून विमानानं लांबच्या राज्यांत धाडली. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. कापसाला कधी नव्हे तो एवढा चांगला उपयोग मिळाला.

त्या केंद्राबद्दल मला आदर आहे. पण तिथून परतताना पोरांच्या डोक्यात एकच आलं होतं, की असंच केंद्र आपल्याकडे काढलं की झालं. तसं होत नाही. बोटभर पिल्लू नदीत सोडता येतं, पण ते मोठं होऊन अंडी कुठे घालणार हा प्रश्न टाकीत सुटत नाही. म्हणून पुढचे मुद्दे नदीचे आहेत.

४. मासा पंचांग पाहत नाही, पाणी पाहतो.

पाऊस पडला, नदी फुगली, पाण्याचा वास आणि गारवा बदलला की मासा वर चढायला लागतो. महाशीर जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत वितो. त्याला वाहता प्रवाह लागतो, वर चढायला मोकळी वाट लागते आणि विण्यापुरते काही दिवस पाण्याची पातळी स्थिर लागते.

आता आमच्या गोदावरीचं पाहा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. मराठवाड्याला त्या पाण्यानं जगवलं, त्याबद्दल वाद नाही. पण पैठणच्या खाली नदीचा पावसाळा बदलून गेला. आधी नाशिक-नगरची धरणं भरतात, मग जायकवाडीचा नाथसागर भरतो, मग कुठे दरवाजे उघडतात. बऱ्याच वर्षी त्याला उशीर होतो आणि कित्येक वर्षी दरवाजे उघडतच नाहीत. उघडले तर एकदम लाखांत क्युसेक, जसं २००६ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झालं. २०२५ ला तर सिंदफणाही चढली आणि काठची गावं, पिकं, जनावरं सगळं पाण्यात गेलं. आधी कोरडं, मग एकदम प्रलय. या दोन्हीत गोट्यांच्या सांदीत निजलेलं पिल्लू टिकत नाही.

पाण्याच्या वाटपावर आमचं आणि नगर-नाशिकचं भांडण जुनं आहे. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्रही ठरलं. शेतीचा वाटा, पिण्याचा वाटा, कारखान्याचा वाटा, सगळे मोजले जातात. नदीत नदी म्हणून थोडं पाणी वाहतं ठेवायचं, हा वाटा कुणी मागितल्याचं मी एकाही बैठकीत ऐकलं नाही. आमच्या सोसायट्यांनीही मागितला नाही. आम्हीही धरणातल्या कटल्यातच खूश.

त्यात मधे उच्च पातळीचे बंधारे आहेत: जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, पुढे ढालेगाव. पावसाळा संपताना त्यांचे दरवाजे टाकले की नदीचं एकामागून एक तळं होतं. उसाला ते सोयीचं, चिलापीला तर फारच सोयीचं. चिलापी उथळ साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा वीत राहते आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते, तिला पुराची गरजच नाही. महाशीर अशा पाण्यात जगेल, खाईल, मोठाही होईल. पण विणार नाही.

मग उरतात ते मोकळे ओढे आणि छोट्या नद्या. मृग-आर्द्रात पैठणचे दरवाजे बंद असताना गोदावरीला जे काही ताजं पाणी येतं ते त्यांचंच. माझ्या मते आज आमच्या भागात माशाची नैसर्गिक वीण कुठे टिकली असेल तर या ओढ्यांच्या तोंडाशी. तिथेच लोक पहिल्या पाण्याला आडवं जाळं लावून बसतात. अंड्यांनी भरलेला मासा वर चढायला येतो आणि आयता सापडतो. त्या रात्री गावात चुली पेटतात, सगळ्यांना आनंद होतो. तेवढे आठ-पंधरा दिवस ते एक जाळं उचलून ठेवलं, तर बोटुकलीवर घातलेल्या पैशापेक्षा ते जास्त कामाला येईल, असं माझं ठाम मत आहे.

५. वाळू गेली की पाळणा गेला.

गेवराई-माजलगावच्या वाळूबद्दल नव्यानं काय सांगायचं? ट्रॅक्टरला लावलेली केनी, रात्रीचे हायवा ट्रक, अधूनमधून धाड आणि दंड, पुन्हा हायवा. पेपरात बातमी येते ती महसूल बुडाल्याची. नदीचा तळ बुडाल्याची येत नाही. वाळू आणि गोटे उपसले की खाली चिकण गाळ उरतो. त्या गाळात अंडी गुदमरतात. खड्डे पडलेल्या पात्रात पाणी वाहत नाही, खड्ड्याखड्ड्यांत साचतं. वाळू भरून नेणाऱ्या पोराला माशाचं वाईट वाटत नाही असं नाही. त्याला हप्ता भरायचा असतो. पण महाशीर का संपला याचं एक कारण मला विचाराल तर मी धरणाच्या आधी वाळूचं नाव घेईन. धरण एकदा बांधून झालं, वाळू रोज जाते.

६. पावसाळ्यात वीण, पण जीव वाचतो की जातो ते उन्हाळ्यात ठरतं.

हे आमच्या जिल्ह्यापुरतं सांगतो, कोकणातल्या नदीला लागू पडेलच असं नाही. आमच्याकडे मार्च उजाडला की नदी तुटते. पात्रात ठिकठिकाणी डोह उरतात आणि वरखालचे सगळे मासे त्या डोहांत गोळा होतात: मरळ, शिवडा, वाम, शिंगाळा, आणि नशिबानं असलाच तर महाशीर. तीन महिने तो डोह हीच त्यांची नदी. २०१३ ला आणि पुन्हा २०१५ ला पाण्याअभावी परळीचं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा केज तालुक्यातलं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्या साली माणसाला रेल्वेनं पाणी आणावं लागतं त्या साली डोहातल्या माशाची काय कथा? डोहात पंप बसतात, दिवसागणिक पाणी बोटाबोटानं उतरतं, आणि शेवटी उरलेल्या चिखलात पोरं हातानं मासे धरतात. त्यात दहा वर्षं वाढलेली मादी असली तरी ती त्या दिवशी किलोच्या भावानं जाते.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतं. भोयांची घरंही जातात, कारण मासेमारीवर बारा महिने भागत नाही. परत येतात ते उन्हाळा तापल्यावर. म्हणजे डोह आटत असताना त्याच्यावर नजर ठेवणारे जाणते गडी गावात नसतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. त्या दिवसांत बाहेरगावचे लोक गाडीत जाळी घालून येतात, रात्रीत डोह साफ करून जातात. आमची एक चुलती, वय झालेली, डोहाकाठच्या शेतात राखणीला असायची. ती काठी घेऊन त्यांच्यावर ओरडायची, "आरं, बीजापुरतं तरी ठेवा की रे मुडद्यांनो!" संवर्धनावरच्या पुष्कळ कार्यशाळा मी ऐकल्या. बीजापुरतं ठेवा, यापलीकडे त्यांत फार काही नव्हतं.

७. देव राखतो, कारण देवाजवळ कुणीतरी बसलेलं असतं.

महाराष्ट्रात महाशीर जिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकला त्या जागा पाहा. महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनीच्या देवळापाशी. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या पायथ्याशी. देहू-आळंदीला इंद्रायणीत. तिथले मासे देवाचे, त्यांना कुणी जाळं टाकत नाही, लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. अभ्यासकांनी याचं भरपूर कौतुक केलं आहे आणि ते रास्तही आहे. पण मला त्यातली श्रद्धा जेवढी महत्त्वाची वाटते तेवढीच पुजाऱ्याची, फुलवाल्याची, येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांची हजेरी महत्त्वाची वाटते. देवळाच्या डोहाला बारा महिने डोळे असतात. आमच्या डोहाला ऊसतोडीच्या काळात डोळेच नसतात.

आणि श्रद्धेचीही एक हद्द असते. देवाचा मासा कुणी मारत नाही, पण वरच्या अंगानं शहराचं सांडपाणी आलं तर देव काय करणार? इंद्रायणीत देहूजवळ मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आपण वाचल्याच आहेत. तिथे जाळं कुणीच टाकलं नव्हतं.

८. तोटे, करंट, औषध.

विहीर फोडायचे जिलेटिनचे तोटे, मोटारीच्या लाइनवरून टाकलेला करंट, फवारणीचं औषध. या तिन्हींनी मोठा मासा मरतो आणि बारीकही मरतो. वर तरंगलेला माणूस नेतो, तळाशी गेलेला तिथेच कुजतो. स्फोटकं आणि विष यांनी मासे मारायला १८९७ च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. लिहिण्यासारखं यात एवढंच.

९. मोठा मासा दिसला म्हणून हुरळू नये, पिल्लू शोधावं.

कधीतरी कुणाच्या जाळ्यात पाच-सात किलोचा महाशीर येतो, फोटो फिरतो, आणि लोक म्हणतात, आहे की अजून! महाशीर पुष्कळ वर्षं जगतो. मोठा मासा सापडणं म्हणजे बऱ्याच वर्षांपूर्वी कुठेतरी वीण झाली होती, किंवा कुणीतरी कुठल्या तरी धरणात बीज सोडलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. नदीत वीण चालू आहे का, ते बोटभर पिल्लू सांगतं.

आणि ते ओळखता आलं पाहिजे. एका पावसाळ्याच्या शेवटी मंजरथच्या संगमाखाली फेकजाळ्यात आलेल्या बारीक माशांची पाटी एका पोरानं माझ्यापुढे ठेवली. सगळे रोहूच, असं त्याचं म्हणणं. त्यात एक वीतभर मासा होता, पाठ हिरवट, पर निळसर झाक असलेले, आणि अंगाच्या मानानं खवले फार मोठे. मी तो ओल्या तळव्यावर घेतला. ओठ जाड, तोंडाशी मिश्यांच्या दोन जोड्या. मग कल्ल्यापासून शेपटीपर्यंत मधल्या रेषेवरचे खवले बोटाच्या नखानं मोजत गेलो. रोहूला या रेषेवर चाळीसच्या वर खवले असतात, महाशीरला पंचवीस-सत्तावीस. पंचवीसच्या आसपास रेष संपली. पोरगा म्हणाला, "मग सोडू का?" त्यानं तो दोन्ही हातांनी पाण्यात धरला, शेपटी हलेपर्यंत थांबला आणि सोडला. ते पिल्लू नदीत जन्मलेलं की वरच्या कुठल्या धरणातून वाहून आलेलं, ते मला सांगता येणार नाही. पण तेव्हापासून आमच्या काठावरच्या चार-सहा पोरांना खवले मोजता येतात.

पुण्याच्या मुळा-मुठेत हा मासा पाहून कर्नल साइक्स या इंग्रजानं १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याआधी त्यानं नक्कीच कुणा भोयाला विचारलं असणार. त्या भोयाचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

१०. दुसऱ्याच्या नदीचं बीज आपल्या नदीत टाकू नये.

कावेरीत स्वतःचा एक महाशीर आहे, पाठीला कुबड असलेला, भगव्या परांचा, प्रचंड वाढणारा. त्या नदीत लोणावळ्याचं निळ्या परांचं बीज नेऊन सोडलं गेलं. हेतू चांगला होता. पण सोडलेला मासा फोफावला आणि मूळचा मागे पडला. २०१८ ला त्या मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो संकटातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. तेव्हा कुणी दानशूर माणूस टेम्पोभर महाशीर घेऊन आला, तरी आधी विचारावं, हे बीज कुठल्या नदीचं? रोहू-कटलाही मुळात गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी आफ्रिकेतली. आफ्रिकी मांगुरावर तर देशात बंदी असूनही तो तळ्यांत निघतो. पाहुण्यांनी घर भरलंय, घरधनी दिसत नाही.

११. यादीतला दर्जा आणि नदीतला दर्जा एक नसतो.

आपला निळ्या परांचा महाशीर आंतरराष्ट्रीय लाल यादीत बरीच वर्षं संकटग्रस्त होता. अलीकडे त्याला कमी चिंतेच्या रकान्यात घातलं आहे. बीजकेंद्रांनी देशभर पिल्लं पोचवली, त्याचा त्यात वाटा आहे आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती यादी सबंध देशाचा हिशेब करते. पैठण ते परळी या पट्ट्यात तो वितो की नाही, हे त्या यादीत कळत नाही. ते इथल्याच माणसानं पाहायचं. आपल्या राज्यानं २०२३ मध्ये राज्य मासा ठरवला तो पापलेट. समुद्रवाल्यांचं अभिनंदन. नदीचा मासा निवडायची वेळ आली, तर माझं मत आधीच सांगून ठेवलंय.

१२. करायचं काय?

मी मोठ्या योजना मागत नाही, त्या आल्या की आधी कमान उभी राहते. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्यानं, आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच गावांत ती कपाटात आहे. ती बाहेर काढा आणि आपल्या शिवारातला उन्हाळ्यात सर्वांत शेवटी आटणारा डोह तिच्यात नावानं लिहा. त्या एका डोहावर मार्चपासून पंप नको, जाळं नको, असा ग्रामसभेचा ठराव करा. तो डोह ऊसतोडीला न जाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या हवाली करा आणि सोसायटीनं त्यांना महिन्याला काहीतरी द्यावं. बोटुकलीच्या एका टेम्पोपेक्षा ते स्वस्त पडेल. ओढ्याच्या तोंडाशी पहिल्या पाण्याला आडवं जाळं लावायचं नाही, ही दुसरी ओळ त्याच ठरावात घाला. बारीक आसाच्या जाळ्यात पंचवीस-सत्तावीस खवल्यांचं पिल्लू आलं तर फोटो काढून, जागा आणि तारीख लिहून ते सोडून द्या. ती नोंद चार-पाच वर्षं साठली की बैठकीत नदीच्या पाण्याचा वाटा मागताना हातात कागद असेल.

आमच्या गावात ठराव मांडला तेव्हा विरोध मच्छीमारांनी केला नाही, पंपवाल्यांनी केला. म्हणून ग्रामसभा पंप बसण्याआधी, जानेवारीतच घ्या. ऊसतोडीवर गेलेल्यांची संमती फोनवर विचारून ठेवा, नाहीतर ते परत आल्यावर पुन्हा वाद होतो. ठरावाचा मसुदा हवा असेल तर गोदाकाठच्या कुठल्याही सोसायटीनं मागावा, मी लिहून देईन.